एका आडनावाचे दोन दगड

सातवीत शाळा सुटली आणि कोकणातून मी थेट बंगळुरात पोचलो. यशवंतपूरला थडग्यांचे दगड कोरणारे एक मराठी गृहस्थ होते, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांनी मला ठेवून घेतलं. मोठी चूक झाली तर परत पाठवीन, हेही पहिल्याच दिवशी सांगितलं.

एकोणीसशे साठच्या सुमारास रेल्वेतले एक निवृत्त अँग्लो-इंडियन गार्ड आले. त्यांचा भाऊ इंग्लंडात वारला होता. त्याचं नाव इथे वडिलांच्या दगडावर कोरायचं होतं. कागदावर कोरायचं नाव तेवढं घेऊन दफनभूमीत मी एकटाच गेलो. त्यांच्या आडनावाचे दगड दोन निघाले. एक भरलेला, दुसऱ्यावर खाली मोकळी जागा. आमच्या वाडीत एका आडनावाची माणसं एकमेकांचं सुतक पाळतात. म्हटलं, भावकीच ही, जागा आहे तिथे कोरू. कोरलं.

अण्णांनी पाहिलं आणि हातातली पिशवी खाली ठेवली. "अरे, हे कुणाचं थडगं?"

गार्ड रविवारी चर्चहून येणार होते. मी ट्रंक भरून ठेवली.

रविवारी ते दगडापुढे टोपी काढून उभे राहिले. मी मोडक्या हिंदीत भावकीचं सांगितलं.

मग गार्ड सावकाश बोलू लागले. हे आडनाव म्हणजे इंग्लंडच्या उत्तरेतलं एक गाव. गावात राहिले त्यांना त्या नावाने कोण हाक मारणार? बाहेर पडले त्यांनाच ते चिकटलं, सुताराला, मेंढपाळाला, कुणालाही. त्यांची पोरं गिरण्यांत, जहाजांवर, पलटणीत पांगली. हा इथे निजलेला कुणी शिपाई असेल. गार्डचे आजोबा रेल्वेचे रूळ टाकायला आलेले. नातं काहीच नाही.

"घासून काढ," ते म्हणाले. मग अण्णांकडे वळले. "दगड मी दाखवायला हवा होता. पोराला घालवू नका."

अण्णा कानडीत एवढंच म्हणाले, "सरी," म्हणजे ठीक.

दोन दिवस पाणी घालून मी तो दगड घासला. कोरलेलं गेलं, पण त्या जागी बोट फिरवलं तर खळगा लागे. गार्डच्या वडिलांच्या दगडावर कडेला बारीक अक्षरांत भावाचं नाव बसलं. तिसऱ्या दिवशी अण्णांनी पुढच्या कामाचा कागद हातात दिला. त्यावर नावाखाली थडग्याची रांग आणि नंबर, दोन्ही लिहिलेले होते.