हद्दीच्या खांबाजवळ माझी चप्पल

माझ्या नवऱ्याला दगडांचे फोटो काढायचा छंद आहे. दगडही कुठलेही चालत नाहीत, दोन देशांच्या हद्दीवर रोवलेलेच लागतात! लोक मधुचंद्राला समुद्रकिनारी जातात, माधवने मला नेपाळच्या हद्दीवर नेलं आणि चिखलात उभं करून म्हणाला, "बघ, काय सुंदर नंबर कोरलाय!" (मी नवी होते. 'हो, फार सुंदर' म्हणाले. तिथेच चुकलं.)

आठ वर्षं हेच चाललं. मग अंबत्तूरच्या त्याच्या कंपनीने त्याला तीन वर्षांसाठी जर्मनीला पाठवायचं ठरवलं. बायको म्हणून मलाही व्हिसा हवा, तर वकिलातीने दोघांचे एकत्र फोटो मागितले. लग्नातले नकोत, नंतरचे, असं वर बजावून!

वेस्ट मांबलमच्या आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही लॅपटॉप उघडून बसलो.

"ही बघ, ही तूच!" माधव आनंदाने ओरडला.

"ती माझी चप्पल आहे."

"हो, दगडाची उंची कळावी म्हणून ठेवली होती. बरं, हा भूतानचा?"

भूतानच्या फोटोत माझी सावली होती. बांगलादेशच्या फोटोत दगडावर छत्री धरलेला एक हात. (बांगड्यांवरून ओळखला!)

"अरे, एक तरी सेल्फी?"

"सेल्फीत दगड वाकडा येतो गं," हा शहाणा म्हणतो!

तंजावरकडच्या माझ्या सासूबाई चष्मा लावून डोकावल्या. "अय्यो, सगळे धोंडेच की मा! तू कोठे?"

तीन वर्षं हा तिकडे आणि मी इकडे! मला रडूच फुटलं.

शेवटी चप्पल, सावली आणि हात घेऊन मी मुलाखतीला गेले. खिडकीपलीकडच्या बाईंनी फोटो उलटेपालटे करून पाहिले.

"यात तुम्ही कुठे आहात?"

"ही सावली माझी, मॅडम."

"आणि नवरा?"

"तो कॅमेऱ्यामागे. कायमचा!"

बाईंच्या कपाळावर आठ्या पडल्या. संपलं सगळं, असं वाटलं आणि मी भडाभडा बोलत सुटले. या खांबावरचं शेवाळ मीच टूथब्रशने खरवडलं. इथे मला जळू चिकटली, तर हा म्हणाला, 'हलू नकोस, ऊन येतंय दगडावर!' बोलता बोलता हुंदकाच आला. "मॅडम, तरीसुद्धा मला त्याच्याबरोबरच जायचंय हो!"

बाईंनी हसू दाबलं. "इतका छळ फक्त बायकोच सोसते," त्या म्हणाल्या आणि व्हिसा मंजूर झाला.

बाहेर येऊन मी बातमी दिली. माधवचे डोळे भरून आले. त्याने भर रस्त्यात माझा हात हातात घेतला (आठ वर्षांत पहिल्यांदा!) आणि गहिवरून म्हणाला, "तुला माहितेय, जर्मनीला शेजारी देश किती? नऊ! नऊ हद्दी, आणि दर शनिवार-रविवार सुट्टी!"

व्हिसा मिळू नये म्हणून नवस बोलायला हवा होता, आणि मी बया तो द्या म्हणून परक्या बाईपुढे नाक पुसत रडून आले होते!