माइकचा स्टँड, त्याच्या उंचीचा

नंदू गेल्याचा फोन त्याच्या बहिणीने, सुनीताने केला. दुपारची वेळ होती, कचेरीत उद्याच्या अंकाची बैठक सुरू होती. "दादा गेला रे," एवढंच ती म्हणाली... मागून वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या त्यांच्या गल्लीतला गलका ऐकू येत होता. नंदू आणि मी अंधेरीच्या कॉलेजात एका बाकावर बसायचो. पुढे मी बातमीदार झालो. तो एरवी नोकरी करायचा आणि शनिवार-रविवारी एका रॉक बँडचा लीड सिंगर असायचा.

बातमीदारीच्या निमित्ताने असे गायक पुष्कळ पाहिले, परदेशी आणि इथलेही. कुणी स्टेजभर धावायचा, कुणी गुडघ्यांवर बसायचा, कुणी पाण्याची बाटली डोक्यावर ओतून घ्यायचा. नंदू जागचा हलत नसे. पाय फाकवून, गुडघे किंचित वाकवून उभा राही. लहानपणी वडिलांबरोबर होडीवर जायचा, तेव्हाची सवय. "स्टेज कधी हलेल सांगता येत नाही यार," तो म्हणे. आवाजही तिथलाच... इंजिनाच्या धडधडीतून पलीकडच्या होडीला ऐकू जाईल असा.

त्याची आई अंधेरीच्या बाजारात मासळी विकायची. ती पहिल्यांदा कार्यक्रमाला आली ती अबोलीचा गजरा माळून, आणि थेट पुढच्या रांगेत बसली. गाणं रंगात आलं तशी पोरं किंचाळू लागली. बाजारात गिऱ्हाईक ओरडतं ते भाव पाडायला. तिला वाटलं, इथेही तेच चाललंय. ती उठली, गर्दीकडे वळली आणि कडाडली, "ए, गप बसा रे! आवडत नाय तर पुढं व्हा. माझ्या पोराला गाऊ द्या!" पुढच्या चार रांगा खरोखर गप्प झाल्या. नंदूला एवढं हसू आलं की पुढची ओळ हुकली. तो माइकवरूनच म्हणाला, "आये, त्यांना आवडतंय गं!"

"आवडलं तर असं कोकलतात?"

सगळं मैदान हसलं. त्यानंतर ती प्रत्येक कार्यक्रमाला आली, पण ओरडणाऱ्यांवरचा तिचा संशय काही गेला नाही.

मग त्याचा घसा बसू लागला. आधी धूळ, मग ऍसिडिटी, असं म्हणता म्हणता तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: कॅन्सर आहे, स्वरयंत्र काढलं तर वाचण्याची आशा आहे. नंदू तारीख पुढे ढकलत राहिला. एक शेवटचा कार्यक्रम करू, मग बघू, असं त्याचं चाललं होतं. एका संध्याकाळी मी त्यांच्या घरी असताना आई कोलंबी सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझा बाप वाऱ्यात आवाज पोचला नाय तर रुमाल हलवायचा. मला किनाऱ्यावरून दिसायचा. तेवढा पुरायचा मला." दुसऱ्या दिवशी नंदूने डॉक्टरांना होकार कळवला.

ऑपरेशनने त्याला दोन वर्षं दिली. त्यातली आमची शेवटची भेट मुलुंडच्या एका मैदानावर झाली. नव्या पोरांचा बँड होता. त्यांची गायिका चांगलीच तयारीची. तिने शेवटच्या गाण्यात माइक लोकांकडे धरला आणि सगळे ओरडू लागले. नंदू पाय फाकवून उभा होता, ओठ हलत होते, गळ्याला गुंडाळलेल्या रुमालाखाली श्वासाची नुसती फुसफुस... त्यालाही ओरडायचं होतं; त्याने हात वर केले आणि तसेच खाली आणले. शेजारी उभ्या आईने त्याच्याकडे पाहिलं. मग पदर खोचला, दोन्ही हात तोंडापाशी धरले आणि आख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली, "वन्स मोअर!" गायिका दचकून आमच्याकडे बघू लागली. नंदू हसत होता. खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आवाज मात्र नव्हता.

गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो. त्याचा माइकचा स्टँड दाराशी उभा आहे. त्यावर आई बाजाराची पिशवी अडकवते. नंदू उंच होता, त्यामुळे तिला टाचा उचलाव्या लागतात. सुनीता म्हणाली, "आये, खाली करून देते ना गं. एक पेच तर सैल करायचाय."

"हात नको लावू," आई म्हणाली, आणि टाचा उचलून पिशवी अडकवली.