बरोबर बेचाळीस

मी पुण्यातल्या एका मोठ्या शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवते. हजेरी घेताना मी नंबर पुकारत नाही. बाकांवरून एकदा नजर फिरवली की कोण आलं नाही ते मला कळतं. यावरून माझी भरपूर थट्टा होते, आणि त्यात आघाडीवर आमचे पर्यवेक्षक सर. त्यांचा आकड्यांवर भारी जीव.

ही सवय वडिलांची. शिवनेरीच्या बाजूला, आण्याच्या पठारावर त्यांची अजून मेंढरं आहेत. लहानपणी मी ती बोटांवर मोजायला लागले की म्हणायचे, "मोजू नगं, पोरी. वाटंत दुसरा कळप भेटला की आपलं एक तिकडं जातं, त्यांचं एक इकडं येतं. आकडा बराबरच भरतो. त्वांडं बघ."

गेल्या हिवाळ्यात सहल शिवनेरीला गेली. माझ्याच मुलखात, म्हणून मी जरा मिरवतच होते. गडावर आणखी एक शाळा आली होती. त्यांचेही पांढरे टी-शर्ट, पिवळ्या टोप्या. टोपीवाला बहुधा एकच असावा.

खाली उतरून मुलं बसमध्ये बसली. सरांनी प्रत्येक डोक्याला हात लावला. "एक्केचाळीस, बेचाळीस. बरोबर! सोडा गाडी."

नारायणगावात टोमॅटोच्या पिकअपांमागे बस अडकली, तेव्हा मी चिक्की वाटायला उठले. चौथ्या रांगेतल्या गुबऱ्या गालांच्या मुलाने दोन मागितल्या. त्याला मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"सर, हा आपला नाही."

"अहो बाई, बेचाळीस भरलेत ना!"

"भरलेत. पण आपली दोन वेण्यांची मुलगी कुठंय?"

ती पोर वर्गात पाणी प्यायला जाऊ का, हेसुद्धा विचारायला लाजते. हरवले म्हणून ती कुणाला सांगणार?

मुलाच्या टी-शर्टाआत ओळखपत्र होतं. त्यावरच्या नंबरवर सरांनी फोन लावला, तिथून त्यांच्या बाईंचा नंबर मिळाला. त्यांची बस पुढे जाऊन मंचरजवळ जेवायला थांबली होती. त्या बाई ठामपणे म्हणाल्या, "आमचे सगळे आहेत. मी स्वतः मोजलेत!"

"दोन वेण्या आहेत का बघा," मी ओरडले. पलीकडून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. मग, "अगं बाई!"

"रडू नका, बाई," आमचा ड्रायव्हर म्हणाला. "मंचर काय लांब न्हाई. आत्ता गाठतो." तोवर त्या गुबऱ्याची तिसरी चिक्की संपली होती. अख्ख्या बसमध्ये तो एकटाच मजेत होता.

हॉटेलच्या दारात ती खुर्चीवर बसली होती. मी धावत जाऊन तिला उचललं आणि सगळ्यांदेखत रडले. मागे सर नाक पुसत होते.

ती मात्र रडली नाही. माझ्या कानाशी तोंड आणून तिने तक्रार केली, "बाई, त्या बाईंनी मला दोनदा मोजलं. नाव विचारलंच नाही."