धवलारीण आणि पाण्याची पिशवी

माझ्या नणंदबाई धवलारीण आहेत. आमच्या खाडीकाठच्या आगरी लग्नांत धवलारीण पाटाशी बसून धवला गाते, आणि तिच्या ओळीमागोमाग घरची माणसे विधी करतात. ‘हळद लावा’ असे ती गाते तेव्हाच हळद लागते. ती मध्येच उठली तर विधी थांबतो. हे आधी सांगणे आवश्यक आहे, कारण पुढची सगळी अडचण याच नियमातून आली.

माझ्या मुलीचे लग्न ठरले तेव्हा तिच्या आत्यानेच धवला गावा, असे आम्ही सर्वांनी गृहीत धरले होते. नणंदबाईंनी मात्र नकार दिला. घसा गेला, असे कारण सांगितले. त्याआधी त्यांनी आणखी तीन लग्नेही याच कारणाने नाकारली होती. मी तीस वर्षे पेणच्या शाळेत गणित शिकवले. उत्तर आणि रीत जुळत नसेल तर ते माझ्या लगेच लक्षात येते. भाजी निवडताना त्या अगदी मोकळ्या गळ्याने गुणगुणत होत्या. शिवाय कुठल्याही कार्याला जायचे असले, की आदल्या दिवसापासून त्या जेवत नसत.

एका दुपारी मी सरळ विचारले. “वन्सं, घसा बरा आहे. मग बिघडलंय काय?”

त्यांनी हातातली शेंग सोलून टाकली. मग म्हणाल्या, “गो वैनी, घसा नाय गेला. खालचा जोर गेला. सूर वर नेला का लुगड्यात होतं. कळत पन नाय. पाटाशी बसून असं झालं तर देवाच्या कामात घान. माझ्या भावाच्या लेकीच्या हळदीत मी ते करू?”

शेवटच्या बाळंतपणात, घरीच, त्यांचे अंग खाली फाटले होते. टाके कधी पडले नाहीत. वयाबरोबर स्नायू सैल होत गेले, आणि इतकी वर्षे त्या जुनेराच्या घड्या वापरून आणि उपाशी राहून दिवस काढत होत्या.

पेणच्या दवाखान्यात यायला त्यांनी साफ नकार दिला. “रामवाडीच्या नाक्यापासून मना सगली वळखतात.” म्हणून आम्ही रोह्याला गेलो. तेही आगगाडीने, कारण एसटीत शौचालय नसते. रोह्याच्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासले आणि हाताची मूठ आवळून-सैल करून दाखवली. गुदद्वाराभोवती स्नायूचे कडे असते आणि यांचे कडे एका बाजूने तुटलेले आहे, असे त्या म्हणाल्या. व्यायाम करावेत, उपाशी राहू नये, ठरल्या वेळी जेवावे. आणि सोबत एक साधन दिले: पाण्याची पिशवी, लांब नळी आणि तिच्या टोकाला शंकूच्या आकाराचा मऊ तुकडा. सकाळी खाल्ल्यानंतर कोमट पाणी आत सोडायचे. पाण्याबरोबर आतडे रिकामे होते आणि मग दिवसभर गळण्याची शक्यता कमी राहते. परिचारिकेने सगळी कृती समोर करून घेतली.

घरी आल्यावर मी पुठ्ठ्यावर आठ पायऱ्या सुवाच्य अक्षरात लिहिल्या. नणंदबाईंना वाचता येत नाही, हे मला ठाऊक होते. मी वाचून दाखवणार होते.

“तुझा तक्ता तुझ्या पोरांना दे,” त्या म्हणाल्या. “संडासाच्या दाराशी तू उभी राहून धडा वाचनार? मी माझं गानं करते.”

आणि तक्ता माझ्याकडून एकदा वाचून घेऊन त्यांनी खरोखरच त्या पायऱ्यांना धवल्याची चाल लावली. सकाळी आतून सूर येई: आधी पाणी, मग पिशवी खुंटीला, मग टोकाला तेलासारखे चिकट मलम. संपूर्ण लग्नविधी ज्यांनी गाण्यातच लक्षात ठेवला, त्यांना हीच रीत सोपी होती. मला तिचे कौतुकही वाटले.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी पिशवी धुऊन, घडी घालून माझ्यापुढे ठेवली. पोटात कळा येत होत्या, पाणी अर्धवट परत येत होते आणि दुपारी पुन्हा गळत होते. “हे माझ्या अंगाला मानत नाय. दुसरी धवलारीण बघा. अजून म्हयना हाय.”

मी म्हटले, “बघू. आधी गाणं म्हणा.”

त्यांनी ओट्यावर बसून गाणे म्हटले. मी पुठ्ठ्यावर बोट ठेवून ऐकत होते. दुसऱ्या पायरीनंतर त्या थेट चौथीवर गेल्या. टोक आत घालण्यापूर्वी थोडे पाणी वाहू देऊन नळीतली हवा काढायची, ही तिसरी पायरी गाण्यात नव्हतीच. रोज पाण्याच्या आधी हवा पोटात जात होती.

“ती वळ चालीत येत नव्हती,” त्या शांतपणे म्हणाल्या, “म्हनून सोडली.”

मी पुठ्ठा पाहिला. ‘जोपर्यंत नळीतून बुडबुडे येणे पूर्णपणे थांबत नाही, तोपर्यंत’ अशी माझी तिसरी पायरी सुरू होत होती.

“एवढं लांब कोन गाईल? श्वास तुटंल बाईचा.”

चूक माझी होती. लक्षात न राहणारी सूचना ही अपुरी सूचना असते, हे मी इतरांना शिकवत आले होते. मी पुठ्ठ्यावरची ओळ खोडून ‘नळी वाहू दे, बुडबुडा जाऊ दे’ असे लिहिले. त्यांनी ते दोनदा गुणगुणून पाहिले आणि गाण्यात बसवले. रोह्याला फोन करून परिचारिकेकडूनही खात्री करून घेतली. कळा थांबल्या. पंधरवड्यात कोरडे दिवस वाढले. सगळेच दिवस कोरडे नव्हते. डॉक्टरीणबाईंनी तसे सांगितलेही होते आणि अंगावर पॅड ठेवायला सुचवले होते.

हे मी लिहू का, असे नंतर विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “लिही. माझ्यासारख्या आनखी असतील. फक्त नावं घालू नको.” म्हणून कुणाचेच नाव घातलेले नाही.

हळदीच्या सकाळी त्यांनी चहा-भाकरी घेतली, आपला वेळ घेऊन पाण्याचे काम उरकले, आंघोळ केली आणि पाटाशी बसल्या. दीड तास सूर चढता राहिला. मग एका ओळीच्या मध्यावर त्या थांबल्या. हळद लावणारा हात थांबला.

“वैनी, मना आत जायाचं हाय,” त्या सर्वांदेखत म्हणाल्या. “हलद तशीच ठेवा.”

“आता काय, धवलारीण उठली म्हंजे नवरीपन उठनार?” मागून एकीने टोमणा मारला.

“नवरी बसंल. तू उठ नि तिला वारा घाल,” नणंदबाई म्हणाल्या. बायका खळखळून हसल्या.

मी मागोमाग गेले. आत काही झाले नव्हते. पॅड स्वच्छ होता, त्यांना नुसता भास झाला होता. तरी त्यांनी पॅड बदलला, हातपाय धुतले, चूळ भरली. घाई केली नाही. बाहेर माझ्या मुलीच्या एका गालावर हळद वाळू लागली होती, दुसरा गाल कोरा होता, आणि पन्नास माणसे थांबली होती. नणंदबाई पाटाशी बसल्या, पदर सारखा केला आणि अर्धी राहिलेली ओळ पहिल्या शब्दापासून गाऊ लागल्या.