प्रोफेसरला पोरगी देऊ नये

नावाआधी काय लागतं एवढ्यावरून माणसाचं पुढं काय होणार हे सांगणारा गृहस्थ अख्ख्या बालाघाटात एकच होता, आणि तो नेमका माझ्या नशिबी सासरा म्हणून आला. जंगल खात्यात बाबू. पण खरा उद्योग रहस्यकथा वाचण्याचा, हिंदी-मराठी जी हाती लागेल ती. कॅप्टन म्हणजे नायक, लग्न त्याचंच. कर्नल म्हणजे पोरीचा बाप, आधी बंदूक काढणार, मग आशीर्वाद देणार. मेजर मात्र मित्राला वाचवताना मरायचाच. परसवाड्याच्या बसमध्ये एकदा सत्तरीचे एक निवृत्त मेजर चढले, तर सासऱ्यांनी उठून त्यांना खिडकीची जागा दिली आणि माझ्या कानात म्हणाले, "बसू द्या बिचाऱ्याले. मेजर जास्त दिवस नाही राहत." डॉक्टर सुरुवातीला आला तर जीव वाचवतो, शेवटी आला तर विषाचं इंजेक्शन देतो, म्हणून ते शिंक आली की दवाखाना गाठत आणि ताप उतरला की डॉक्टरांना पाहून रस्ता बदलत.

आणि प्रोफेसर? देवा रे! प्रोफेसर म्हणजे खुनी. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो.

कुसुमला पाहायला गेलो तेव्हा पाण्याचा गिलास देताना ती हसली, आणि दुसरी कुणी नकोच असं माझं तिथंच ठरलं. सासऱ्यांनी मला निरखून विचारलं, "घरी तळघर हाय का?"

म्हटलं, गावी लामत्याला मातीचं घर आहे, इथं भाड्याची खोली, वर टिनं.

"घरी प्रयोग करता काय?"

"नाही जी. कॉलेजात. पोरांसमोर."

ते आत गेले. मध्यस्थाला सांगत होते ते मला बाहेर ऐकू आलं. "पोरगा चांगला हाय हो, पण प्रोफेसर हाय. पोरगी कशी देऊ?"

माझा धीरच सुटला. दारातूनच ओरडलो, "मी प्रोफेसर नाही जी, नुसता लेक्चरर आहे!"

ते बाहेर आले, मला पुन्हा एकदा निरखलं. मग म्हणाले, "लेक्चरर कोण्याच पुस्तकात नाही पाह्यला. म्हंजे तुमचं काय होईल, थे कोणालेच मालूम नाही." तेवढ्या भरवशावर त्यांनी पोरगी दिली.

दहाएक वर्षांनी मी खरंच प्रोफेसर झालो. बाबांना कळू द्यायचं नाही, असं कुसुमनं आणि मी ठरवलं. म्हातारपणी त्यांच्या जिवाला घोर कशाला? तोवर त्यांचे डोळे अधू झाले होते, आणि अंथरुणाशी बसून मीच त्यांना वाचून दाखवायचो. एका कादंबरीत प्रोफेसर आला, पोलीस त्याच्या दारापर्यंत पोचले, आणि सासऱ्यांनी हात वर केला.

"मिटा थे पुस्तक, जवाईबापू."

"काहून? दहाच पानं राह्यली."

"फासी होईल त्याले," ते म्हणाले. "घरचा माणूस हाय. मले नाही ऐकवत."