डाव्या अंगाची वांगी

मोठीआईशी बोलायचं तर तिच्या उजव्या हाताला उभं राहावं लागे. डावीकडून हाक मारली की ती कोंबडीसारखी अख्खी मान फिरवून बघे आणि वर आपल्यालाच रागवे, "चोरावानी काऊन येतं गं?" मोठीआई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. वर्ध्याजवळच्या आंजी गावात त्यांची भाजीची वाडी होती आणि त्या वाडीवर तिचंच राज्य होतं. मोठेबाबा नावाला मालक.

तिचा आजार आधी वांग्यांनी सांगितला. दोन ओळींच्या मधून चालत ती दोन्ही हातांनी दोन्ही बाजूंची वांगी तोडे. एका वर्षी डाव्या अंगाची वांगी झाडावरच पिकून पिवळी पडू लागली. "आता तुह्या हातून काम होत नाई," मोठेबाबा म्हणाले. ती हट्टाने त्याच ओळीतून पुन्हा गेली, पुन्हा तीच वांगी राहिली. डोळा दुखत नव्हता, लाल नव्हता, त्यामुळे डोळ्याचा संशय कुणाला येणार?

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी तेव्हा वर्ध्याच्या एका शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते. मीच तिला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. काचबिंदू निघाला, तोही दोन्ही डोळ्यांत. डाव्याची कडेची नजर बरीच गेली होती, उजवा अजून बरा होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोळ्याच्या आत साठणारं पाणी बाहेर जायला ऑपरेशन करून वाट काढू, म्हणजे डोळ्यातला दाब उतरेल. पण गेलेली नजर परत यायची नाही. उरलेली टिकावी म्हणून हे करायचं." उजव्यासाठी थेंब लिहून दिले.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि सगळी आळी बघायला लोटली. मोतीबिंदू काढलेली माणसं चष्मा लावून नातवंडं ओळखतात, हे गावाला ठाऊक होतं. काचबिंदू कुणाला ठाऊक होता? जो तो विचारी, "दिसते का आता?" मोठीआईचं उत्तर एकच, "होतं तेवढं हाये." लोक हळहळत उठून जात. ऑपरेशन फुकट गेलं, असा गावाचा निकाल लागला. मला ती एवढंच म्हणाली, "वाफ्यात पानी तुंबलं का बांध फोडा लागते. सडलेलं रोप गेलं, पन बाकीचे तर वाचतात ना?"

त्यानंतर दाब तपासायला ती नेमाने वर्ध्याला येत राहिली. मुक्काम माझ्याकडे. येताना पिशवीभर वांगी आणी आणि मी केलेल्या भाजीला नावं ठेवून जाई.

ऐंशीनंतर कधीतरी उजव्या डोळ्याला थेंब पुरेनात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता याचंही ऑपरेशन करावं लागेल. मोठेबाबा भडकले. "एका डोळ्याचं वाटोळं झालं, आता चांगल्यालेही चाकू लावतं?" त्या संध्याकाळी मोठीआई जेवली नाही. मी शेजारी बसले तर तिने माझा हात घट्ट धरला. "मले भेव वाटते गं. हा बी गेला तर याइचं, तुह्या मोठेबाबाचं, तोंड नाई दिसन." मग थोड्या वेळाने, "तसं त्यात पाह्यासारखं काई नाई म्हना."

सकाळी ती माझ्या अंगणात उभी होती, उजवा डोळा तळव्याने झाकून. समोर तुळस, तिच्या डावीकडे फाटक. "दरवेळी इथं उभी राहून पायतो मी. तुयस दिसते, फाटक नाई दिसत. इतक्या वर्षांत तुयस काई गेली नाई. डावा थांबला तिथंच थांबला. उजव्याले बी थांबवून टाकू." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही.

मोठेबाबा दवाखान्यात आले, पण रुसल्यासारखे भिंतीकडे तोंड करून बसले. पट्टी निघाल्यावरही काही दिवस तिला धूसर दिसत होतं. ते दिवस आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. धूसरपणा ओसरल्यावर मोठेबाबांनीच हळूच विचारलं, "दिसते का?"

मोठीआईने मान वळवून त्यांना नीट न्याहाळलं. "होतं तेवढं हाये. तुमी बी होते तेवढेच आहा." मोठेबाबा उपरण्याने तोंड पुसत बाहेर गेले.

पुढे ती शेवटपर्यंत वाडीत राबली. ती उजव्या अंगाची वांगी तोडत पुढे जाई आणि सून मागून डाव्या अंगाची.

ऐंशीचं दशक सरता सरता साध्या तापाचं निमित्त झालं आणि दोन दिवसांत ती गेली. राख सावडून झाल्यावर मी एकटीच वाडीत गेले. ताप भरला त्या सकाळी ती वांगी तोडत होती, आणि धावपळीत तिच्या मागून कुणी फिरकलंच नव्हतं. डाव्या अंगाला जून झालेली वांगी लटकत होती. उजवं अंग थेट विहिरीपर्यंत स्वच्छ होतं.

मोठेबाबा केव्हा येऊन उभे राहिले कळलं नाही. ते त्या उजव्या ओळीकडे कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "एकबी नाई सुटलं तिच्या हातून."

मी पदर खोचला आणि डाव्या अंगाची वांगी तोडायला वाकले.