सबनीसांच्या पिकअपचे पाटे

अमेरिकेतल्या ट्रॉयमध्ये नव्यानं आलेल्या मराठी माणसाचं बिऱ्हाड हलायचं ते चारुदत्त सबनीसांच्या निळ्या पिकअपमधूनच. सोफा, गाद्या, कुणाच्या तरी गराज सेलमधून आणलेलं टेबल, चादरीत गुंडाळलेलं देवघर. दोन फेऱ्या करणं आपल्या माणसांच्या जिवावर येतं. "अजून एक कपाट मावेल हो काका," असं म्हणत सगळं एकाच फेरीत चढवलं जाई, आणि सबनीसांना 'नाही' म्हणता येत नसे. आठ वर्षांत त्या ओझ्यानं गाडी मागून पार बसली. मागचा भाग खाली गेल्यानं नाक वर झालं, दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ लागला, आणि संध्याकाळच्या वेळी समोरून येणारे लोक वैतागून आपल्या दिव्यांची उघडझाप करू लागले.

गंमत अशी, की सबनीसांचं कामच कमानपाट्यांचं. मागच्या चाकावर लोखंडी पट्ट्या एकावर एक रचून केलेली जी कमान गाडीचं ओझं पेलते, तिची ड्रॉइंग्ज करण्यात त्यांची चौदा वर्षं गेली होती. त्यांच्या पत्नी सुमेधाताई चिडवायच्या, की जगाच्या गाड्या उचलून धरता, आपली तेवढी राहिली. सबनीस हसून म्हणायचे, वेळ कुठे मिळतो?

१९८२च्या फेब्रुवारीत वेळच वेळ झाला. ट्रक खपेनासे झाले होते. कंपनीनं निम्मं ड्रॉइंग ऑफिस बंद केलं, आणि सबनीस आपली पट्टी, कंपासपेटी आणि चहाचा मग एका खोक्यात घालून घरी आले. सुमेधाताई लग्नाच्या पोशाखांच्या दुकानात शिवणकाम करत. त्यांनी शनिवारचंही काम मागून घेतलं. सबनीसांनी पहिले दोन महिने टाइपरायटरवर अर्ज बडवले. एप्रिलमध्ये रिबन संपली, ती त्यांनी पुन्हा आणली नाही. खिडकीशी बसून ते ड्राइव्हवेमधल्या गाडीकडे बघत राहत. उठून तिच्याजवळ मात्र जात नसत.

मे महिन्यात कुमारचा फोन आला. कुमार आणि मीनाक्षी वर्षभरापूर्वी नागपूरहून आलेले. तिला सातवा महिना लागलेला, बेसमेंटमधली ओलसर खोली सोडून त्यांना वरच्या मजल्यावरचं अपार्टमेंट मिळालं होतं. रविवारी काकांची गाडी मिळेल का? सबनीस म्हणाले, गाडी आता ओझं नेण्यासारखी राहिली नाही, दुसरं कुणी बघ. फोन ठेवला आणि पुन्हा खिडकीशी जाऊन बसले.

सुमेधाताई कणीक मळत होत्या. आठ वर्षांत नवऱ्याच्या तोंडून असा नकार त्यांनी प्रथमच ऐकला. नोकरी गेली त्या दिवशी वाटली नव्हती एवढी भीती त्यांना या नकाराची वाटली. त्यांनी हात धुतले, कुमारला फोन लावला आणि रविवारी दहाला गाडी येईल म्हणून सांगून टाकलं.

"अगं, पाटे गेलेत तिचे," सबनीस म्हणाले.

"तुम्हाला पाट्यांतलं थोडंफार कळतं असं ऐकलंय मी."

मंगळवारी सबनीस मोडीत काढलेल्या गाड्यांच्या यार्डात गेले आणि तसल्याच एका गाडीचे धड पाटे उतरवून घेऊन आले. जुने पाटे काढायलाच दोन दिवस लागले. इथल्या रस्त्यांवर हिवाळ्यात बर्फावर मीठ टाकतात, त्यानं नट आणि बोल्ट गंजून एकजीव झालेले. तेल सोडायचं, थांबायचं, ठोकायचं, पुन्हा तेल सोडायचं. शुक्रवारी संध्याकाळी नवे पाटे चढले. जॅक काढला तशी गाडी मान सरळ करून उभी राहिली. सबनीसांनी दोन्हीकडची उंची मोजली. सुताचाही फरक नव्हता. त्यांनी सुमेधाताईंना हाक मारली.

त्या चहाचे कप घेऊन आल्या. गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागच्या चाकाशी थांबल्या.

"उंची छान झालीय. पण चाक असं मागे का सरकलंय?"

"काहीतरीच काय. मोजलंय मी."

"बाही उलटी लावली ना, की अशीच दिसते. पुढची बाजू मागे गेलेली. टेबलावर ठेवली की दोन्ही बाजू सारख्याच वाटतात."

सबनीस वाकले. चाकाच्या पुढे पत्र्यापर्यंत चार बोटं जागा होती, मागे जेमतेम दीड. या पाट्याला चाकाच्या आसाशी जोडणारा बोल्ट मध्यावर नसतो. पुढचा भाग आखूड, मागचा लांब. हे त्यांनी स्वतः शेकडो वेळा आखलं होतं, आणि दोन्ही पाटे उलटे बसवले होते.

ते तिथेच जमिनीवर बसले. "कंपनीनं बरोबरच केलं म्हणायचं," ते म्हणाले.

सुमेधाताईंनी कप खाली ठेवले आणि त्यांच्याशेजारी सिमेंटवर बसल्या.

"परवा मी एका नवरीची बाही उलटी लावली. वीस वर्षं शिवतेय. उसवली आणि परत लावली. मशीन नाही विकायला काढलं."

सबनीसांनी चहा संपवला.

शनिवारी सुमेधाताईंनी दुकानातून सुट्टी घेतली. नवऱ्याची जुनी पँट चढवून त्या गाडीखाली शिरल्या आणि दिवा धरून राहिल्या. सबनीस एकेक नट सोडत होते आणि आपोआप बोलू लागले होते. पाट्यातली सगळ्यात वरची पट्टी का महत्त्वाची, खालच्या आखूड का होत जातात, रिकाम्या गाडीत कुठल्या नुसत्या पडून असतात. फेब्रुवारीपासून ते एवढं सलग बोलले नव्हते. दिवा धरून सुमेधाताईंचा हात भरून आला होता, पण त्यांनी तो बदलला नाही. दुपारी चाकाच्या पुढे आणि मागे सारखीच जागा झाली.

रविवारी कुमारनं सवयीप्रमाणे सगळं रचत आणलं. शेवटी बाळासाठी आणलेलं जुनं लाकडी कपाट उरलं.

"मावेल हो काका."

सबनीसांनी वाकून चाकाकडे पाहिलं. "मावेल की. पण आपण दोन फेऱ्या करू."

दुसरी फेरी होऊन घरी निघायला दिवेलागण झाली. शेजारी सुमेधाताई, मांडीवर मीनाक्षीनं दिलेला लाडवांचा डबा. समोरून एक गाडी आली, गेली. मग दुसरी, मग एक मोठा ट्रक. कुणीही दिव्यांची उघडझाप केली नाही.

सबनीस म्हणाले, "उद्या दुकानातून येताना टाइपरायटरची रिबन आणशील?"